काकडीवर एकशे चौऱ्याण्णव

ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तास झाल्यावर अस्मिता रणपिसेच्या रक्तातली साखर एकशे बावन्न भरली. ती एकशे चाळीसच्या आत हवी होती. डॉ. सुनीती देवधरांनी ही बातमी ज्या आवाजात दिली, त्या आवाजात पुण्यात लोक पाहुण्यांना चपला बाहेर काढायला सांगतात.

सातव्या महिन्यात बऱ्याच जणींना असं होतं, त्यात कुणाचं पाप नसतं, असं त्या म्हणाल्या. साखर, गूळ, मैदा, बटाटा बंद. घरी छोटं यंत्र आणायचं आणि आठवडाभर रोज चार वेळा बोट टोचून आकडा लिहायचा. सकाळी उपाशीपोटी एकदा आणि तिन्ही खाण्यांनंतर दोन-दोन तासांनी. उपाशीपोटी पंच्याण्णवच्या आत, खाल्ल्यावर एकशे वीसच्या आत.

"एखादा आकडा इकडेतिकडे झाला तर मी काही बोलणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "रोजच व्हायला लागला, तर पुढच्या सोमवारी इन्सुलिन लिहीन. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त मला थापा नकोत. पोटातलं बाळ थापांवर वाढत नाही."

अस्मिता घाबरली नव्हतीच. ती हडपसरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होती, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून त्या त्यांना गोड शब्दांत कळवण्याचा तिला पगार मिळत असे. सातवा लागल्यापासून ती खडकीच्या घरूनच काम करत होती. आपण खाण्यात चुकणार नाही याची तिला खात्री होती. इन्सुलिन लागलंच तर ती घेणार होती; लागत नसताना घ्यायला ती तयार नव्हती. हिशेब इतका सरळ होता. अडचण एवढीच, की घरात आणखी एक तपासनीस राहत होता.

तिचे सासरे सुखदेव रणपिसे दारूगोळा कारखान्याच्या तपासणी विभागात चौतीस वर्षं होते. आपण पास केलेलं एकही काडतूस परत आलं नाही, असं ते अभिमानाने सांगत. काडतूस एकदा गेलं की तसंही परत येत नाही, असं त्यांचा मुलगा प्रज्ञेश म्हणे, पण वडिलांनी बाथरूमचं दार लावून घेतल्यावर. निवृत्तीनंतर सुखदेवांच्या हाती तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुधाच्या पिशवीचं वजन आणि पेपरवाल्याची वेळ, एवढ्यावर ते दिवस काढत होते. अशा घरात ग्लुकोमीटर आला.

त्याच संध्याकाळी त्यांनी लांब रजिस्टर आणून पट्टीने रकाने आखले: तारीख, वेळ, यंत्रात घालायच्या पट्ट्यांचा लॉट क्रमांक, आकडा, शेरा, सही. अस्मिता म्हणाली की मी माझं मीच टोचून मोबाइलमध्ये लिहीन. सुखदेवांनी तिच्याकडे अपार करुणेने पाहिलं.

"ज्याने माल बनवला त्यानेच त्यावर शिक्का मारायचा नाही. बोट तुझं, टोचणार मी."

"बाबा, मला जमतं."

"जमतं म्हणूनच नाही."

त्यांची पद्धत चोख होती. अस्मिताने हात साबणाने धुऊन कोरडे केलेत का, हे ते आधी विचारत आणि मग वास घेऊन खात्री करून घेत. सुई टोचली की तिचं बोट अंगठा आणि तर्जनीत धरून मुळापासून टोकाकडे दाबत आणायचं, संपत आलेली टूथपेस्ट काढतात तसं. थेंब फुगला की पट्टी लावायची. आकडा मोठ्याने दोनदा वाचायचा, लिहायचा, सही करायची. चौतीस वर्षांत त्यांच्या सहीचा एक फराटाही बदलला नव्हता.

सोमवारी उपाशीपोटी शहाऐंशी आले. सासूबाईंनी, म्हणजे प्रेमलाताईंनी, नऊ वाजता बिनबटाट्याचे मोजके पोहे दिले. सुखदेव कापडी पिशवी घेऊन बाजारात गेले, कारण सुनेच्या पथ्याला मेथी ताजीच हवी, कालची चालणार नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं. ते परत आले तेव्हा घड्याळात ठोके पडत होते. त्यांनी पिशवी दारात टाकली आणि तसेच यंत्राकडे गेले, कारण अकरा म्हणजे अकरा. एकशे बहात्तर.

सगळ्यांनी पोह्यांच्या बशीकडे पाहिलं. बशीला सांगण्यासारखं काही नव्हतं.

दुपारचा आणि रात्रीचा आकडा मात्र शहाण्यासारखा वागला. तेव्हा गुन्हेगार पोहेच, असा निकाल लागला. मंगळवारी पोह्यांच्या जागी मुगाचं एक धिरडं आलं. अकराला एकशे एक्क्याऐंशी. बुधवारी दोन उकडलेली अंडी. एकशे अठ्ठ्याहत्तर.

"अंड्यात साखर कुठून आली?" प्रज्ञेशने विचारलं.

"हाच प्रश्न आहे," सुखदेव म्हणाले आणि शेऱ्यात 'प्रश्न आहे' असं लिहिलं.

मालावर दोष ठेवण्याआधी यंत्र तपासायचं असतं. बुधवारी संध्याकाळी चहाची भांडी विसळून झाल्यावर त्यांनी यंत्राची परीक्षा घेतली. प्रेमलाताई एकशे एकवीस, प्रज्ञेश अठ्ठ्याण्णव. नमुना अपुरा वाटला म्हणून समोरच्या मालनबाईंना बोलावलं. मालनबाईंचं वय बहात्तर. त्यांची साखर भरली शहाण्णव. ही बातमी त्यांनी स्वतःच जिन्याने खाली नेली, आणि अर्ध्या तासात दारात रांग लागली. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना आपली शहाण्णवपेक्षा कमी आहे हे सिद्ध करायचं होतं. ती एकशे चाळीस आल्यावर त्यांनी फेरतपासणीचा अर्ज लेखी दिला. सात वाजेपर्यंत चौदा जणांची बोटं टोचून झाली होती, पट्ट्यांची डबी रिकामी झाली होती, आणि यंत्र निर्दोष ठरलं होतं. सुखदेवांनी स्वतःची तपासली नाही. तपासनीस मालात धरत नाहीत.

गुरुवारी नवी डबी, नवा लॉट, एकच अंडं. एकशे शहाऐंशी.

यंत्र निर्दोष, पट्ट्या निर्दोष, अंडं निर्दोष. मग उरलं कोण? हे कुणी तोंडाने विचारलं नाही, पण दुपारी साखरेचा डबा वरच्या फळीवरून नाहीसा झाला. तो तसाही फक्त पाहुण्यांपुरता होता. सहा वर्षांपूर्वी सुखदेवांचा रिपोर्ट काठावर आल्यापासून प्रेमलाताईंनी घरातून गोडाला हद्दपार केलं होतं आणि नवऱ्याचा चहा इतका बिनसाखरेचा केला होता, की तो चहा आहे हे रंगावरून ओळखावं लागे. आता गूळही गेला. बिस्किटांचा पुडा शेजारी मालनबाईंच्या ताब्यात गेला. डोहाळे लागलेली बाई झोपेतही खाते आणि तिला ते ठाऊकही नसतं, असं मालनबाईंनी पुडा घेताना सांगितलं. रात्री अस्मिताला नवरा तिच्या लॅपटॉपच्या बॅगेचे कप्पे चाचपताना सापडला.

"चार्जर शोधतोय," तो म्हणाला.

"तो तुझ्या हातात आहे."

प्रज्ञेशने हातातल्या चार्जरकडे पाहिलं आणि तो सापडल्याचा आनंद व्यक्त केला. पण अस्मिताला तो आनंद लागला. आत्तापर्यंत आकडे चुकत होते, त्याचं तिला एवढं काही वाटलं नव्हतं. चुकणाऱ्या गोष्टींतच तिचा दिवस जात असे. आता तिचा शब्दच कुणी खरा धरत नव्हतं. सोमवारी डॉक्टर इन्सुलिन लिहिणार, आणि त्याखाली अदृश्य शाईत 'चोरून खाते' असंही लिहिलेलं असणार.

"उद्या मला पहारा लावा," तिने सगळ्यांसमोर सांगितलं. "मी मागतेय."

शुक्रवारी नऊला अस्मितापुढे एक काकडी ठेवण्यात आली. ती तिने साक्षीदारासमोर खाल्ली. साक्षीदार म्हणून नेमलेल्या प्रेमलाताई त्यानंतर दोन तास तिच्या मागे खुर्ची टाकून बसल्या. दहाला ऑफिसची व्हिडिओ मीटिंग होती. ऋषी नावाच्या सहकाऱ्याने मध्येच थांबून अदबीने विचारलं, "अस्मिता, तुझ्या बॅकग्राउंडला कुणी आहे का?"

"सासूबाई आहेत. माझ्यावर नजर ठेवून आहेत."

ऋषी हसला. तेवढ्यात प्रेमलाताई पुढे वाकल्या आणि कॅमेऱ्यात बघून म्हणाल्या की तुमचं चालू द्या, मी फक्त ही काय खाते ते बघतेय. अकरा जणांनी एकदम आपापले कॅमेरे चालू केले. त्या तिमाहीत एवढी हजेरी आधी कधी लागली नव्हती.

बरोबर अकराला सुखदेव मेथीची जुडी आणि चार काकड्या घेऊन आले. हात धुतलेत का, असं सुनेला विचारलं, वास घेतला, टोचलं, दाबलं. एकशे चौऱ्याण्णव.

प्रेमलाताईंनी शपथेवर सांगितलं की माझ्या डोळ्यांसमोर काकडीशिवाय काही पोटात गेलेलं नाही, पाणीसुद्धा मी ओतून दिलं. सुखदेवांनी चष्मा काढून पुसला.

"साक्षीदार फितूर होऊ शकतो," ते म्हणाले.

"अहो, मी?"

"मी नियम सांगितला. नाव नाही घेतलं."

त्या दिवशी प्रेमलाताईंनी नवऱ्याला दुपारी भात वाढला नाही. अस्मिताला मात्र भूक लागलेली असूनही एकदम बरं वाटलं. काकडीवर एकशे चौऱ्याण्णव, म्हणजे हा आजार नव्हता. ही चूक होती, आणि चुका तिच्या धंद्यातल्या होत्या. चूक पकडायची तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. तिने कागदावर यादी केली. नाश्ता बदलून पाहिला होता. यंत्र तपासून झालं होतं. पट्ट्या बदलल्या, बोटं आलटून पालटून घेतली, साक्षीदार बसवला. सगळं बदललं होतं. एक गोष्ट सोडून.

शनिवारी तिने प्रेमलाताईंना सांगून दोन धिरडी खाल्ली. शनिवारचा निकाल काही लागो, सातव्या महिन्यात काकडीवर राहायचं नाही, हे तिने ठरवलं होतं. अकराला दोन मिनिटं कमी असताना तिने हात धुतले आणि स्वतःच बोट टोचलं. एकशे चार. तिने पट्टी खिशात टाकली. दोन मिनिटांनी सुखदेव आले, पिशवी दारात टाकली, शेजारचं बोट धरलं आणि दाबत आणलं.

"एकशे सत्त्याण्णव. एकशे सत्त्याण्णव," त्यांनी दोनदा वाचलं.

प्रेमलाताई गच्चीवर वाळवण बघायला गेल्या होत्या. अस्मिताने सासऱ्यांना खुर्चीत बसवलं.

"बाबा, सकाळी काय खाल्लंत?"

"धिरडं. तुझ्या सासूने केलेलं."

"त्यानंतर."

सुखदेवांनी डबी उलटीसुलटी करून पाहिली. पट्ट्यांचा लॉट पुन्हा बदलला पाहिजे, असं त्यांचं मत पडलं. अस्मिताने त्यांचा उजवा हात घेतला, अंगठा तर्जनीवर टेकवला आणि सोडला. अंगठा लगेच सुटला नाही. सुटला तेव्हा बारीक आवाज झाला.

"जिलेबी?" तिने विचारलं.

"अर्धी."

अस्मिताने रजिस्टरमधल्या एकशे सत्त्याण्णववर बोट ठेवलं.

"दोन," सुखदेव म्हणाले. "पण रुमालाला पुसतो मी हात. रोज पुसतो."

"जिलेबी तुम्ही खायची आणि इन्सुलिन मी घ्यायचं, बाबा?"

हा प्रश्न त्यांना लागला. चौतीस वर्षं त्यांनी बारीकसारीक ओरखड्यासाठी पेट्याच्या पेट्या परत पाठवल्या होत्या, आणि सहा दिवस आपल्याच अंगठ्याचा पाक ते सुनेच्या रक्तात धरून मोजत होते. पण दुसऱ्या बाजूला प्रेमलाताई होत्या. तिला हे कळलं तर माझ्या चहात पाणीसुद्धा उरणार नाही, असं ते हळू आवाजात म्हणाले. लॉट सदोष होता असं लिहिलं तर काय होईल, असंही त्यांनी विचारून पाहिलं.

"मी आईंना सांगणार नाही," अस्मिता म्हणाली. "आणि डॉक्टरांशी खोटंही बोलणार नाही. रजिस्टर तुमचं आहे. शेरा तुम्ही लिहा."

तिला ती जोखीम वाटली नाही. माणूस तिने सहा वर्षं पाहिला होता.

रविवारी सुखदेव बाजारात गेले नाहीत. पांढरा सदरा घालून ते विहारात वंदनेला गेले. चाळीस वर्षं पंचशील म्हणताना त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असे. चौथ्या शीलाशी, खोटं बोलणार नाही याच्याशी, तो अचानक बंद पडला. शेजारच्या उपासकांना वाटलं की यांना वयोमानाने शब्द आठवत नाहीत. त्यांनी मदत म्हणून 'मुसावादा' एवढा शब्द मोठ्याने पुरवला. सगळा विहार वळून बघायला लागला. घरी आल्यावर सुखदेव म्हणाले की आज तुझं तूच टोच. एकशे एक आले. त्यांनी आकडा लिहिला, सही केली नाही, आणि प्रेमलाताईंनी ताप आहे का म्हणून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

सोमवारी अकराला चौघंही डॉक्टरांपुढे बसले होते. डॉ. सुनीतींनी रजिस्टर उघडलं आणि बराच वेळ वाचलं.

"उपाशीपोटी छान. दुपार, रात्र छान. अकराचा आकडा तेवढा भयंकर. शुक्रवारी काय खाल्लं होतंस?"

"काकडी."

"काकडीवर एकशे चौऱ्याण्णव." डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग मी शिकले ते सगळं चुकीचं असणार. इतकी वर्षं फुकट गेली." त्यांनी पॅड पुढे ओढलं. "अस्मिता, मी म्हटलं होतं, मला थापा नकोत."

अस्मिताने सासऱ्यांकडे पाहिलं नाही. ती भिंतीवरच्या स्तनपानाच्या तक्त्याकडे पाहत बसली. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. तारीख लिहिली. सुखदेव उभे राहिले.

"मॅडम, सदर सहा आकडे मालाचे नाहीत," ते म्हणाले. "तपासनिसाचे आहेत."

"म्हणजे?"

"जिलेबी, मॅडम."

मग त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं: बाजार, दुकान, पाक, रुमाल, अंगठा. एकही तपशील गाळला नाही. शेवटी त्यांनी खिशातून पेन काढून सहाही आकड्यांवर आडवी रेघ मारली, प्रत्येक रेघेशेजारी 'रद्द' लिहिलं आणि खाली सही केली. पहिल्यांदाच ती थोडी वाकडी आली.

डॉक्टरांनी रजिस्टर बाजूला सरकवलं. त्यांनी सिस्टरना बोलावलं. नऊला पोटभर धिरडी खाल्ली होती, असं अस्मिताने सांगितलं. हात धुऊन, बोट टोचून, एकशे सहा. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

"इन्सुलिन नको. आहार चालू ठेव, आकडे चालू ठेव, पंधरा दिवसांनी ये. बोट स्वतः टोच. आणि गरोदर बाईला काकडीवर ठेवण्याची कल्पना ज्या कुणाची असेल, त्याने माझ्याशी वेगळं बोलावं."

अस्मिताने श्वास सोडला. प्रज्ञेशने तिचा हात धरला. चार्जरबद्दल आता काही बोलायची गरज नव्हती, तरी तो बोलला. तेवढ्यात प्रेमलाताईंनी टेबलावरचं रजिस्टर आपल्याकडे ओढलं.

"सोमवार," त्या म्हणाल्या. "एकशे बहात्तर."

"एक," सुखदेव म्हणाले.

"मंगळवार. एकशे एक्क्याऐंशी."

"एकच. पण मोठी होती."

"शुक्रवारी मी दोन तास काकडीवर पहारा देत बसले होते. तुम्ही कुठे होतात?"

"काकडीच आणायला गेलो होतो."

प्रेमलाताईंनी रजिस्टर मिटलं. सहा वर्षं मी तुमच्यासाठी सणालासुद्धा खीर केली नाही, असं त्यांनी डॉक्टरांना उद्देशून सांगितलं. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि खाल्लीत ती कुणाकडची?"

"गेनबाची. पुलाजवळच्या."

"गेनबाची? साडेदहाला?" प्रेमलाताईंच्या आवाजात आता राग कमी आणि कीव जास्त होती. "अहो, साडेदहाला काय जीव राहतो तिच्यात. चिवट होते नुसती. सातला पहिला घाणा काढतो तेव्हा बघावी, कडक असते, आत पाक…"

त्या थांबल्या. पण सगळं बोलून झालं होतं.

"आई," प्रज्ञेश म्हणाला, "तू आणि मालनबाई रोज सात वाजता गुडघ्यांसाठी फिरायला जाता ना?"

प्रेमलाताईंनी स्तनपानाच्या तक्त्यावर नजर लावली. सुखदेव आपल्या बायकोकडे बघत होते. एवढ्या आदराने त्यांनी तिच्याकडे कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

डॉ. सुनीतींनी अस्मिताची फाइल बंद करून बाजूला ठेवली आणि दोन कोरे केसपेपर पुढे घेतले.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "दोन पट्ट्या आणा. आणि आधी या दोघांचे हात धुऊन घ्या."